गळती

तक्ता आलाय.
चाळीस मुली, अकरा रकाने.
शेवटचा रिकामा:
"भरतीनंतर वर्षाच्या आत सोडून जाण्याची शक्यता."
साहेब म्हणाले, मॅडम, तुम्ही रोज बघता त्यांना,
टक्क्यांत भरा, पुढचं संगणक बघेल.

सोलापुरात गळती म्हटलं की
आधी पाणीच आठवतं.
पाच दिवसांनी येणारं,
आणि रस्त्याखाली कुठंतरी फुटलेली लाईन
जी पालिकेच्या माणसाला सापडत नाही.
गल्लीतली बाई मात्र झाडता झाडता सांगते,
डांबराचा कुठला तुकडा
उन्हाळ्यातही ओला असतो ते.

मला तसं विचारतायत.

श्रीलता चिलवेरी. एकोणीस.
आई विड्या वळते, घरकुलात.
हजारामागे किती मिळतात ते हिला तोंडपाठ,
सोळाशे मीटरला किती सेकंद लागले
ते मात्र दरवेळी मला विचारते.
नडगी दुखते. सांगत नाही.
बुटात टॉवेलचा तुकडा कोंबते,
मामाच्या लूमवरचा, काठ चुकला म्हणून घरी आलेला.
तक्त्यात छापलंय, हाडाची इजा: नाही.

महानंदा बिराजदार.
घरून पंधरवड्याला कडक भाकरीची चळत येते
आणि सगळ्या खोलीला पुरेल एवढी शेंगाचटणी.
पळताना कानडीत मोजते,
ओंदु, एरडु, मूरु…
चौथ्या फेरीला आकडे संपतात, शिव्या सुरू होतात.
शिव्यांना रकाना नाही.
असता, तर मी डोळे झाकून लिहिलं असतं:
ही टिकणार.

शाहीन नदाफ.
हिला रोज रात्री फोन.
मागच्या तीन तुकड्यांचं गणित सांगतं,
फोन जास्त, ती लवकर परत.
पण गणितानं फोन ऐकलाय कुठं?
बाप एवढंच विचारतो, आज कितवी?
ही म्हणते, तिसरी.
तो म्हणतो, बरं. आणि ठेवतो.

मीही होते अशाच कुठल्यातरी कागदावर,
सतरा नंबर.
हाड मजबूत, रक्त तेरा, सोयरीक नाही,
घरी परत बोलवायला कुणी नाही.
माझ्यापुढं खात्रीनं काहीतरी चांगलं लिहिलं असणार.
दहाव्या महिन्यात मी अक्कलकोट रोडला उतरले,
ट्रंक घेऊन.

सुटताना खिडकीतल्या कारकुनाला एक शब्द हवा होता.
मी म्हटलं, कौटुंबिक.
तो खूश झाला, त्याच्या यादीत तो शब्द होता.

खरं म्हणजे बूट.
एका नंबरानं मोठा, पुरुषांच्या मापाचा.
चार अर्ज केले.
पाचवा लिहायला बसले,
"महोदय" लिहिलं, स्वल्पविराम दिला,
आणि कळलं की मला आता बूट नकोय.
हे कुणाला सांगणार?
बुटासाठी नोकरी सोडली, असं घरीही सांगता येत नाही.

रात्री तीनला पाणी आलं.
मुली बादल्या घेऊन उठल्या, कुणीतरी हसलं,
कुणीतरी कुणाचीतरी बादली भरून दिली.
मी गॅलरीत तक्ता मांडीवर घेऊन,
शेवटच्या रकान्यात एकेकीचा
पायाचा नंबर लिहीत गेले.
पाच. साडेचार. पाच. सहा.
साहेबांचा फोन येईल तेव्हा येईल.

एकीचाच फक्त टक्का लिहिला होता, संध्याकाळीच, पहिल्या झटक्यात.
अनुसया कोरे. पाच टक्के.
पाच म्हणजे काय, शून्यच,
शून्य लिहायला धजले नाही एवढंच.
शिट्टीच्या आधी मैदानावर असायची,
कुणाशी तक्रार नाही, पायाला फोड नाही.

आज हजेरीला तिच्या नावाला कुणी "हजर" म्हणालं नाही.
वर जाऊन बघितलं.
बादली भरलेली, झाकलेली.
कॉटवर चादर,
चारी कोपरे
मी शिकवले तसेच.